सुट्टीतील दुपारचे जेवण : नालासोपाऱ्याच्या संदर्भात एका प्रलंबित प्रश्नाचा आढावा

प्रश्नाची चौकट

शासनाच्या, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत शिकणाऱ्या आठवीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला शाळेच्या दिवशी दुपारचे जेवण विनामूल्य मिळाले पाहिजे, ही गोष्ट आता धोरणाच्या पातळीवर वादाची राहिलेली नाही. वाद उरला आहे तो शाळा बंद असते त्या दिवसांचा. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी किमान २२० कामाचे दिवस ठरवून दिले आहेत. ही किमान मर्यादा धरली तर वर्षातील अनुक्रमे १६५ आणि १४५ दिवस मुलाच्या जेवणाशी शाळेचा संबंध नसतो. त्यांतील रविवार आणि सुटे सण बाजूला काढले, तरी मेच्या आरंभापासून जूनच्या मध्यापर्यंतची उन्हाळी सुट्टी आणि दिवाळीची सुट्टी असे दोन सलग खंड उरतात, आणि ज्या घराने दुपारच्या जेवणाचा भार काही अंशी शाळेवर सोडलेला असतो त्या घराला हेच खंड जाणवतात.

हा प्रश्न महाराष्ट्रात आजवर प्रामुख्याने दुष्काळी तालुक्यांच्या आणि आदिवासी पाड्यांच्या संदर्भात मांडला गेला. मुंबईच्या उंबरठ्यावरील कष्टकरी उपनगरांच्या संदर्भात तो क्वचितच मांडला जातो, आणि म्हणूनच नालासोपारा हे त्याच्या तपासणीसाठी उपयुक्त ठिकाण ठरते. पश्चिम रेल्वेवर वसई रोड आणि विरार यांच्या मधले हे उपनगर ३ जुलै २००९ रोजी स्थापन झालेल्या वसई-विरार शहर महानगरपालिकेचा भाग आहे; २०११ च्या जनगणनेत या महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १२ लाखांच्या वर नोंदली गेली होती. मुंबईतील घरभाडे न परवडणारी कुटुंबे या बाजूला सरकत आली आणि रेल्वेच्या पूर्वेस आचोळे, तुळींज, संतोष भुवन, बिलालपाडा, धानिव, पेल्हार या पट्ट्यात चाळींची दाट वस्ती उभी राहिली. वालीव-सातिवलीच्या गाळ्यांमधील कामगार, नाक्यावर उभे राहणारे मजूर, लोकलने मुंबईकडे जाणाऱ्या घरकामगार स्त्रिया, रिक्षाचालक आणि फेरीवाले अशी इथली मिळकतीची साधने आहेत. आईवडील दोघेही सकाळीच घराबाहेर पडत असल्याने सुट्टीच्या दिवसांत मुलांची दुपार बहुधा थोरल्या बहिणीच्या हाती असते. सकाळी झाकून ठेवलेला भात, चहाबरोबर खारी किंवा पाव, आणि शेजारच्या दुकानातले पाच रुपयांचे पाकीट यांवर ती निभावली जाते. भूक पूर्णतः भागत नाही असे दर वेळी म्हणता येणार नाही; परंतु ताटातली डाळ, उसळ आणि भाजी गेलेली असते.

कायद्याची आणि न्यायालयाची वाटचाल

केंद्र शासनाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी प्राथमिक शिक्षणाला पोषणाचे साहाय्य देणारा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तेव्हा महाराष्ट्रासह बहुतेक राज्यांनी शिजवलेल्या जेवणाऐवजी दरमहा ३ किलो धान्य देण्याचा सोपा मार्ग पत्करला. ते धान्य वर्गातील उपस्थितीवर अवलंबून होते. ८० टक्के हजेरी भरली की धान्य घरी जाई. म्हणजे आरंभापासूनच या योजनेकडे मुलाला शाळेत आणण्याचे आणि टिकवण्याचे साधन म्हणून पाहिले गेले, आणि ज्या दिवशी शाळाच नाही त्या दिवशी जेवण का द्यावे हा प्रश्न त्या मांडणीत उद्भवतच नव्हता.

ही दृष्टी बदलली ती सर्वोच्च न्यायालयामुळे. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या याचिकेवर २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिलेल्या आदेशात न्यायालयाने शिजवलेले जेवण बंधनकारक केले. त्यात किमान ३०० उष्मांक आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असावीत आणि ते वर्षातून किमान २०० दिवस मिळावे, असे मोजमापही घालून दिले. याच प्रकरणात २० एप्रिल २००४ रोजी न्यायालयाने दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळी सुट्टीतही जेवण देण्याचा आदेश दिला, आणि त्याच वर्षी सुधारलेल्या योजनेत तशी तरतूद आली. सुट्टी आणि जेवण यांची सांगड सार्वत्रिक धोरणात प्रथम पडली ती येथे. त्यानंतर ‘स्वराज अभियान’ या संघटनेच्या याचिकेवर मे २०१६ मध्ये न्यायालयाने दुष्काळी भागांसाठी हाच आदेश पुन्हा दिला आणि अंडे किंवा दूध यांसारखा पूरक आहार देण्यासही सांगितले.

दरम्यान २०१३ मध्ये राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा आला. त्याच्या पाचव्या कलमाने सहा ते चौदा वयोगटातील मुलांना दुपारच्या जेवणाचा हक्क दिला. पण त्या हक्कातून शाळेच्या सुट्टीचे दिवस स्पष्टपणे वगळले. त्याच कायद्याच्या आठव्या कलमात अन्नसुरक्षा भत्त्याची तरतूद आहे. ठरलेले अन्न न मिळाल्यास लाभार्थ्याला द्यावयाची भरपाई म्हणजे हा भत्ता. २०१५ च्या नियमांनी तो धान्य आणि शिजवण्याचा खर्च या दोन्ही रूपांत ठरवला. परंतु तोही शाळेच्या दिवशी जेवण चुकले तरच लागू होतो. सारांश, आज सुट्टीतील जेवणाचा कायदेशीर आधार मुख्यतः जाहीर झालेला दुष्काळ हाच आहे, आणि दुष्काळ तालुकानिहाय, पर्जन्यमान व पीकपाण्याच्या निकषांवर जाहीर होतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्य शासनाने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता. ज्या वस्तीचे पोट पिकावर नव्हे तर रोजंदारीवर चालते, तिचा वाईट उन्हाळा या निकषांत कुठेच दिसत नाही.

करोनाकाळाने या चौकटीला अनपेक्षित छेद दिला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद होताच सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या जेवणाची स्वतःहून दखल घेतली. केंद्राने शिजवलेले जेवण किंवा भत्ता देण्याची सूचना राज्यांना केली, आणि महाराष्ट्रात शाळांमधील शिल्लक तांदूळ व कडधान्ये पालकांना वाटली गेली. एप्रिल २०२० मध्ये केंद्राने उन्हाळी सुट्टीतही आहार देण्यास मान्यता देऊन त्यासाठी सुमारे १,६०० कोटी रुपयांचा अतिरिक्त खर्च गृहीत धरला. दुष्काळ जाहीर नसताना, संपूर्ण देशात, सुट्टीतील आहाराचा खर्च शासनाने उचलण्याचा हा दाखला आहे. तो अपवाद म्हणून दिला गेला आणि अपवाद म्हणूनच संपला. सप्टेंबर २०२१ मध्ये योजनेचे ‘पीएम पोषण’ असे नामांतर होऊन तिला २०२१-२२ ते २०२५-२६ अशी पाच वर्षांची मंजुरी मिळाली, तेव्हा सुट्टीचा प्रश्न दुष्काळ-आपत्तीच्या जुन्या कप्प्यातच राहिला.

पुरावा काय सांगतो

सुट्टीत मुलांचे पोषण खरोखर घसरते का, याविषयी सर्वांत जुना आणि आजही उद्धृत होणारा पुरावा इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड शहरातला आहे. १९०७ मध्ये तेथील शालेय वैद्यकीय अधिकारी राल्फ क्राउली यांनी गरीब कुटुंबांतील मुलांच्या एका लहान गटाला काही महिने शाळेत जेवण देऊन त्यांची नियमित वजने घेतली. जेवण चालू असताना वजन वाढत गेले आणि मधल्या सणाच्या सुट्टीत ते उतरले. १९०६ च्या कायद्याने तेथील स्थानिक शिक्षण मंडळांना शाळेत जेवण देण्याची मुभा दिली होती, आणि १९१४ च्या दुरुस्तीने ती सुट्टीच्या दिवसांपर्यंत वाढवली. सुट्टीच्या प्रश्नावर कायदा करण्याच्या पहिल्या काही उदाहरणांपैकी हे एक. त्यानंतर तिथेही तो प्रश्न दीर्घकाळ मागे पडला.

भारतातील अभ्यासांनी थेट सुट्टीचे मोजमाप फारसे केलेले नाही, मात्र त्याच्या दोन्ही बाजूंना स्पर्श करणारे महत्त्वाचे निष्कर्ष दिले आहेत. अर्थशास्त्रज्ञ फरझाना आफ्रिदी यांनी मध्य प्रदेशातील मुलांचा आहार शाळेच्या आणि सुट्टीच्या दिवशी तपासून २०१० मध्ये असे दाखवले की, शाळेत जेवण मिळते म्हणून घरचे जेवण त्या प्रमाणात कमी केले जात नाही. शाळेतील जेवणाचा मोठा भाग मुलाच्या दिवसभराच्या आहारात खरी भर म्हणून पडतो. याची उलट बाजू अशी की, ते जेवण थांबते तेव्हा घर ती तूट आपोआप भरून काढील असे गृहीत धरता येत नाही. आंध्र प्रदेशातील मुलांवर आधारित, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिंग, पार्क आणि डर्कन यांच्या अभ्यासात दुष्काळामुळे खुंटलेली वाढ शालेय जेवणाने भरून निघाल्याचे आढळले.

याला छेद देणारा पुरावा अमेरिकेतून येतो. तेथे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फॉन हिपेल आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार लहान मुलांचे उंचीच्या मानाने वजन शाळेच्या महिन्यांपेक्षा उन्हाळी सुट्टीत अधिक वेगाने वाढते. कारण शाळेची शिस्तबद्ध दिनचर्या सुटते आणि हाताला येईल ते खाणे सुरू होते. हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी वाटले तरी शहरी गरीब वस्तीत ते एकत्र नांदू शकतात. पाच रुपयांच्या पाकिटाने उष्मांक मिळतात, प्रथिने आणि लोह मिळत नाही. त्यामुळे केवळ वजनकाट्यावर सुट्टीचा परिणाम मोजला तर नालासोपाऱ्यासारख्या ठिकाणी तो अजिबात न दिसण्याचीही शक्यता आहे.

अडचण मोजमापाचीच अधिक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण वजन-उंची मोजते ती पाच वर्षांखालील मुलांची. त्याच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील ३५.२ टक्के बालके खुजी, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असलेली, आणि ३६.१ टक्के बालके कमी वजनाची आढळली. शाळकरी वयाचे मूल या सर्वेक्षणाच्या नजरेतून निसटते. २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणाने ही उणीव काही प्रमाणात भरून काढली आणि देशातील पाच ते नऊ वयोगटातील सुमारे २२ टक्के मुले खुजी, तर सुमारे २४ टक्के मुले रक्तक्षयग्रस्त असल्याचे नोंदवले. परंतु तेही एका वेळचे चित्र होते, एप्रिल ते जून या काळात त्याच मुलांचे काय होते याचे नव्हे.

नालासोपाऱ्याची विशेष गुंतागुंत

या सर्वसाधारण चर्चेत नालासोपारा तीन कारणांनी वेगळे ठरते.

पहिले कारण प्रशासकीय आहे. महापालिका झाली तरी वसई-विरारमधील शासकीय प्राथमिक शाळा महापालिकेच्या हाती आल्या नाहीत. त्या ठाणे जिल्हा परिषदेकडे आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर पालघर जिल्हा परिषदेकडे राहिल्या. या शाळांच्या हस्तांतरणाची चर्चा वर्षानुवर्षे चालत आली आहे. परिणामी मूल महापालिकेच्या हद्दीत राहते, त्याचे पाणी, कचरा आणि दवाखाना महापालिकेकडे असतो, शाळा जिल्हा परिषदेची असते, सहा वर्षांखालील भावंडाची अंगणवाडी एकात्मिक बालविकास प्रकल्पाची आणि घरचे रेशन पुरवठा विभागाचे. शाळेच्या दिवशी या साऱ्यांत निदान जेवणापुरती जबाबदारी ठरलेली असते. सुट्टी लागली की तेवढीही राहत नाही. मुंबई महापालिका स्वतःच्या शाळांत स्वतःच्या तिजोरीतून एखादा पूरक उपक्रम ठरवू शकते. तसा निर्णय घेण्याची स्वाभाविक जागाच येथे उपलब्ध नाही.

दुसरे कारण शाळांच्या प्रकाराशी निगडित आहे. नालासोपारा पूर्वेत खासगी विनाअनुदानित शाळांची संख्या मोठी आहे, आणि वसई तालुक्यातील अनधिकृत शाळांच्या याद्याही शिक्षण विभागाला वेळोवेळी जाहीर कराव्या लागतात. वस्ती ज्या वेगाने वाढली त्या वेगाने शासकीय शाळा उघडल्या गेल्या नाहीत, आणि इंग्रजी माध्यमाची ओढ तर सर्वत्रच आहे. त्यामुळे अत्यल्प उत्पन्नाची कुटुंबेही महिन्याची फी भरून चाळीतल्या दोन-तीन खोल्यांच्या शाळेत मुले घालतात. या मुलांना पोषण आहार सुट्टीत तर सोडाच, शाळेच्या दिवशीही मिळत नाही, कारण योजना शाळेच्या प्रकाराला जोडलेली आहे, कुटुंबाच्या उत्पन्नाला नाही. शिक्षण हक्क कायद्याखालच्या २५ टक्के राखीव जागांवर विनाअनुदानित शाळेत गेलेले मूलही याच कारणाने जेवणाला मुकते. सुट्टीतील आहाराच्या चर्चेत ही बाब बहुधा तळटिपेत जाते. नालासोपाऱ्यात ती प्रश्नाच्या मध्यभागी आहे.

तिसरे कारण स्थलांतराचे. मे महिन्यात येथील अनेक कुटुंबे कोकणात, घाटावर किंवा उत्तर प्रदेशात गावी जातात, आणि वस्तीतील मुलांची संख्या घटते. मागे राहतात ती प्रवासखर्च किंवा बुडणारी रोजंदारी न परवडणारी. याच तालुक्याच्या ग्रामीण भागात उलट दिशेचे स्थलांतर दिसते. जव्हार, मोखाडा, विक्रमगड या तालुक्यांतील कातकरी आणि अन्य आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर येतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्या मुलांची ‘सुट्टी’ मेमध्ये नव्हे, नोव्हेंबरातच सुरू होते. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या वसई तालुक्यातील विधायक संसद या संस्थेने १९९०च्या दशकात या मुलांसाठी भट्टीवरच ‘भोंगा शाळा’ चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरील मजुरांचे तात्पुरते खोपटे. शिक्षणाचा हक्क मुलामागे जावा, ही कल्पना त्या प्रयोगामुळे जिल्ह्यात रुजली. जेवणाचा हक्क मात्र पटावरील नावाशीच बांधलेला राहिला.

मुख्य भूमिका

प्रश्नाविषयी आज चार भूमिका मांडल्या जातात आणि प्रत्येकीमागे विचारात घ्यावे असे कारण आहे.

अन्नहक्काच्या चळवळीतील कार्यकर्त्यांची भूमिका अशी की, सुट्टीतही शाळेतच ताजे, शिजवलेले जेवण द्यावे. शिजवलेले जेवण मुलाच्याच पोटात जाते, त्याची वाटणी घरात होत नाही, वेगवेगळ्या जातिधर्मांची मुले एका पंगतीत बसतात आणि दुपारी मुले सुरक्षित जागी असतात, हे या भूमिकेचे बळ आहे. तिच्यापुढील अडचणीही तितक्याच खऱ्या आहेत. २०१६ आणि २०१९ च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी भागांत सुट्टीत जेवण सुरू ठेवले गेले, तेव्हा अनेक ठिकाणी मुलांची हजेरी तुरळक राहिल्याचा अनुभव आला, कारण मुले आजोळी गेली होती किंवा पालकांबरोबर कामाच्या ठिकाणी होती. शिक्षक संघटना पोषण आहाराला शैक्षणिकेतर कामांच्या ओझ्यात मोजतात. शिक्षकांना दीर्घ सुट्टीच्या बदल्यात अर्जित रजा कमी मिळत असल्याने सुट्टीतील कामाचा मोबदला हा त्यांचा मुद्दा गैरलागू ठरवता येत नाही. स्वयंपाकी व मदतनीस स्त्रियांचे मानधन केंद्राच्या निकषानुसार वर्षातील दहाच महिन्यांचे असते. सुट्टीत चूल पेटवायची तर ते बारा महिन्यांचे करावे लागेल. शहरी भागात जेवण केंद्रीय स्वयंपाकगृहातून, म्हणजे अनेक शाळांसाठी एकाच ठिकाणी शिजवून वाहनाने पोचवण्याच्या पद्धतीने, देण्याचे शासनाचे धोरण आहे, आणि मे महिन्याच्या उकाड्यात तयार अन्न दूरवर नेणे जोखमीचे असते. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यातील आश्रमशाळांतील विद्यार्थ्यांना झालेल्या विषबाधेनंतर जिल्ह्यात या पद्धतीविषयीची साशंकता वाढली.

दुसरी भूमिका कोरडा शिधा किंवा रोख रक्कम घरी देण्याची. ती प्रशासनाला सोयीची आहे आणि गावी जाणाऱ्या कुटुंबालाही उपयोगी पडते. केरळमध्ये उन्हाळी सुट्टीपूर्वी पटावरील मुलांना तांदूळ देण्याची प्रथा आहे. महाराष्ट्राचा रोख रकमेचा अनुभव मात्र बोलका ठरला. २०२१ मध्ये मागील उन्हाळी सुट्टीतील ३५ दिवसांच्या आहाराचा खर्च थेट बँक खात्यात जमा करण्याचे ठरले, तेव्हा पहिली ते पाचवीच्या मुलामागे १५६ आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे २३४ रुपये निघाले. या रकमेसाठी मुलाच्या नावे खाते उघडायचे, आधार जोडायचे, त्यासाठी एक-दोन दिवसांची मजुरी बुडवायची. अनेक पालकांच्या दृष्टीने खर्च लाभाहून मोठा होता. मे २०२५ पासून लागू झालेले प्रतिदिन ६.७८ आणि १०.१७ रुपयांचे दर धरले तरी त्याच ३५ दिवसांसाठी २३७ आणि ३५६ रुपयांच्या आसपासच रक्कम येते. त्याच दिवसांचे धान्य १०० आणि १५० ग्रॅमच्या प्रमाणाने साडेतीन आणि सव्वापाच किलो होते. तांदळाची पिशवी घरापर्यंत पोचते, पण ती पूर्ण घराच्या हंड्यात जाते. आणि योजनेचे खरे पोषणमूल्य ज्या डाळी, कडधान्ये, तेल आणि भाजीत असते ते रोख रकमेच्या भागात अडकते.

तिसरी भूमिका अशी मांडली जाते की, सुट्टीत मुलाला जेवू घालणे हे कुटुंबाचे काम असून शासनाने कुटुंबाचीच ताकद वाढवावी. शिधापत्रिकेवरील धान्य २०२३ पासून विनामूल्य झाले आहे. प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो मिळते, आणि एक देश एक रेशनकार्ड व्यवस्थेमुळे ते इतरत्रही उचलता येते. शाळेवर आणखी एक भार टाकण्याऐवजी ही व्यवस्था पक्की करावी, असा या भूमिकेचा आग्रह आहे आणि तत्त्वतः तो रास्त आहे. परंतु महाराष्ट्रात शहरी कुटुंबाला प्राधान्य यादीत येण्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये आहे. महिन्याला पाच हजारांहून कमी मिळकतीत नालासोपाऱ्यात खोलीचे भाडे भरून संसार चालवणे किती शक्य आहे, हे वेगळे सांगायला नको. प्रत्यक्ष उत्पन्न याहून थोडे अधिक असलेली, भाडेकरारावाचून पत्त्याचा पुरावा नसलेली किंवा जुन्या गावच्या पत्रिकेत नाव अडकलेली कुटुंबे या व्यवस्थेच्या काठावर राहतात, आणि सुट्टीचा प्रश्न मुख्यतः त्यांच्याच मुलांचा आहे.

चौथी भूमिका तुलनेने नवी आहे : जेवण, खेळ आणि वाचन यांची जोड देऊन वस्तीतच सुट्टीची केंद्रे चालवावीत. हिचे आदर्श परदेशांतले आहेत. अमेरिकेत १९६८ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेला उन्हाळी भोजन कार्यक्रम गरीब वस्त्यांतील उद्याने, वाचनालये आणि शाळा यांमधून चालतो, आणि ज्या भागातील निम्मी मुले सवलतीच्या जेवणाला पात्र आहेत तेथे प्रत्येक मुलाला न विचारता जेवण मिळते. मुलाने केंद्रावर येऊन तेथेच बसून जेवले पाहिजे या अटीमुळे अनेक मुले बाहेर राहतात, असे दिसल्यावर २०२२ अखेरच्या कायद्याने ग्रामीण भागासाठी ती शिथिल झाली आणि २०२४ च्या उन्हाळ्यापासून पात्र मुलामागे १२० डॉलर किराण्यासाठी देणारी स्वतंत्र योजना सुरू झाली. सर्व राज्यांनी ती स्वीकारली नाही. इंग्लंडमध्ये अशा केंद्रांचे २०१८ पासूनचे प्रयोग २०२१ मध्ये देशभर विस्तारले; त्याआधी २०२० च्या उन्हाळ्यात फुटबॉलपटू मार्कस रॅशफर्ड यांच्या मोहिमेपुढे तेथील सरकारला सुट्टीतील मदतीविषयीचा निर्णय बदलावा लागला होता. महाराष्ट्रात या प्रकारच्या केंद्रांसाठी घटक उपलब्ध आहेत : अंगणवाडी वर्षातील ३०० दिवस पूरक आहार देण्यासाठी बांधील असते, जानेवारी २०२० पासून दहा रुपयांची शिवभोजन थाळी आहे, ‘तिथीभोजन’ या नावाने लोकसहभागातून जेवण देण्याची तरतूद पोषण आहार योजनेतच आहे, आणि बचत गटांकडे स्वयंपाकाचा अनुभव आहे. लोकसहभागावर किती विसंबावे याविषयी मात्र सावधगिरी आवश्यक ठरते. जानेवारी २०२५ च्या शासन निर्णयाने अंडा पुलाव आणि गोड पदार्थ ऐच्छिक करून त्यांचा खर्च लोकसहभागावर सोडला, तेव्हा सधन गावची शाळा आणि चाळीतली शाळा यांतील अंतर वाढेल ही भीती जाणकारांनी बोलून दाखवली होती. दानशूर व्यक्ती सणाला येतात. सलग सहा आठवडे रोज येणारा दाता दुर्मीळच.

अनिर्णित मुद्दे

भूमिकांमधील अंतर वरवर वाटते तितके मोठे नाही. शिजवलेले जेवण श्रेष्ठ आहे हे शिध्याचे समर्थकही मान्य करतात, आणि प्रत्येक शाळा सुट्टीभर उघडी ठेवता येणार नाही हे हक्काचे समर्थकही जाणतात. खरे मतभेद तीन मुद्द्यांवर उरतात.

पहिला मुद्दा हक्क कशाला जोडायचा हा. तो शाळेच्या दिवसाला, शाळेच्या प्रकाराला, शिधापत्रिकेला की प्रत्यक्ष मुलाला जोडावा, यावर लाभार्थ्यांची संख्या आणि खर्च दोन्ही ठरतात. अमेरिकेप्रमाणे वस्ती हा निकष मानला तर नालासोपारा पूर्वेतील विनाअनुदानित शाळेतील मूलही आत येते. पण मग शिक्षण विभागाचा निधी त्याच्या कक्षेबाहेरील मुलावर कसा खर्च करावा, हा लेखापरीक्षणाचा प्रश्न उभा राहतो.

दुसरा मुद्दा जबाबदारीचा. जिल्हा परिषद, महापालिका आणि बालविकास प्रकल्प यांपैकी सुट्टीतील केंद्राचा मालक कोण, हे ठरल्याशिवाय कोणताही प्रयोग एका उन्हाळ्यापलीकडे टिकण्याची शक्यता कमी आहे. शाळांच्या हस्तांतरणाचा निर्णय कधी ना कधी होईल. त्या वेळी पोषण आहाराच्या वर्षभराच्या नियोजनाचा विचार इमारती आणि शिक्षकांच्या वेतनाइतकाच करावा लागेल.

तिसरा मुद्दा मोजमापाचा, आणि या आढाव्याच्या दृष्टीने तो अग्रक्रमाचा आहे. शाळांतून मुलांची वजन-उंची आणि आरोग्य तपासणी होतेच. तीच एप्रिलअखेर आणि जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात अशी दोन वेळा केली, तिला आहाराच्या साध्या प्रश्नावलीची आणि शक्य तेथे रक्तातील हिमोग्लोबिनच्या तपासणीची जोड दिली, तर एकाच तालुक्यात दोन वर्षांत या वादाला स्थानिक पुराव्याचा आधार मिळेल. ब्रॅडफर्डला १९०७ मध्ये लागला त्याहून अधिक खर्च त्यास लागण्याचे कारण नाही. तोवर सर्वांत कमी धोक्याची पायरी म्हणजे सुट्टी लागण्यापूर्वीच तांदळाबरोबर डाळ, कडधान्य आणि तेल यांचा शिधा, रोख रकमेऐवजी वस्तुरूपात, शाळेतून देणे, आणि जेथे मुले मागे राहतात अशा निवडक वस्त्यांत शिजवलेल्या जेवणाचे केंद्र चालवून पाहणे. त्यासाठी कायद्यात दुरुस्तीची वाट पाहावी लागत नाही : अन्नसुरक्षा कायद्याच्या ३२ व्या कलमानुसार राज्य शासनाला स्वतःच्या निधीतून कायद्याने ठरवलेल्या हक्काहून अधिक देणाऱ्या अन्नयोजना आखण्यास आणि चालवण्यास आजही मोकळीक आहे.